निर्लेखित नाना

नाना चाळिसाव्या वर्षी म्हातारे झाले. त्याआधीची वर्षं त्यांनी का वाया घालवली, कळत नाही.

झालं एवढंच, की आरशात बघताना मिशीत एक पांढरा केस दिसला. तो त्यांनी उपटला नाही, कारण एक उपटला की चार उगवतात, अशी त्यांची खात्री. एका मुळातून एकच केस येतो, उपटलेल्या जागी फार तर पुन्हा तोच पांढरा येईल, असं न्हाव्यानं सांगून पाहिलं. त्या न्हाव्याचं गिऱ्हाईक तुटलं.

नाना साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या जीपवर ड्रायव्हर होते. शरीराविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान बॉनेट उघडून मिळालेलं. दम लागला की ‘पिकअप गेला’, पाठ धरली की ‘चासी वाकली’. सरकारी गाडी जुनी झाली की तिचं निर्लेखन होतं. मग ती कागदावरून उडते आणि आवारात चिंचेखाली उभी राहते. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. ‘आपलं निर्लेखन झालंय आता,’ हे नाना ज्या समाधानानं सांगतात, त्या समाधानानं लोक मुलगा कलेक्टर झाल्याचं सांगतात. निवृत्त होताना त्यांनी ऑफिसातून एक कोरं लॉगबुक आणलं. तारीख, किलोमीटर, बिघाड, शेरा. तेव्हापासून किलोमीटरच्या रकान्यात शून्य आणि बिघाडाच्या रकान्यात जागा पुरत नाही.

त्यांचा मुख्य सिद्धांत गुडघ्यांचा. माणूस गुडघ्यात ठरावीक किलोमीटर घालूनच जन्माला येतो. उगाच चालून ते संपवू नयेत. म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांनी जिने सोडले, पन्नाशीत अजिंक्यतारा सोडला, निवृत्तीनंतर मंडई सोडली. आता ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून गुडघे शिल्लक टाकतात.

काकू वयाच्या बहात्तरीत रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात. येताना भाजी आणतात. त्यांना म्हातारं व्हायला सवडच मिळाली नाही. घरात ते खातं पहिल्यापासून नानांकडे.

एकदा मी चिकाटीनं बसलो. म्हटलं, ‘नाना, गुडघ्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. हालचाल झाली की ती स्पंजासारखी दाबली जाते, सुटते आणि तेवढ्यात सांध्यातल्या वंगणातून आपलं पोषण शोषून घेते. बसून राहिलात तर ती उपाशी.’ नाना नुसतेच हसले. मग मी त्यांच्या प्रांतात शिरलो. ‘साहेब महिनाभर रजेवर गेले, की जीपचं काय करायचात?’

‘रोज सकाळी स्टार्ट मारायचो. एक चक्कर. नाहीतर बॅटरी बसते, टायर कडक होतात, उंदीर वायरी खातात.’

मी काहीच बोललो नाही. नानाही बोलले नाहीत. काकूंनी आतून भांडं जरा जोरात ठेवलं.

‘जीप सरकारी होती,’ नाना शेवटी म्हणाले. ‘गुडघे माझे आहेत.’

मी १९९०चा बोस्टनचा प्रयोग काढला. वृद्धाश्रमातली दहा माणसं, वयं ८६ ते ९६. आठ आठवडे त्यांना पायांनी वजनं उचलायला लावली, तर मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. नाना म्हणाले, ‘इंपोर्टेड पार्ट. आपल्याकडं मिळत नाही.’ मग मी देशी माल आणला: धोंडो केशव कर्वे एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ मध्ये, जगप्रवासाला निघाले आणि १०४ वर्षं जगले. यावर नाना बराच वेळ गप्प होते. ‘तेव्हाचं लोखंड चांगलं होतं,’ एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

झोपेचं तसंच. म्हाताऱ्या माणसाला चार तास झोप पुरते, असं ते पहाटे चार वाजता शेजाऱ्यांच्या खिडकीखाली खाकरून जाहीर करतात. मी एकदा त्यांचं लॉगबुक चाळलं. रात्री साडेअकरा ते चार. दुपारी जेवणानंतर ‘जरा आडवा’: दीड ते साडेतीन. संध्याकाळी टीव्हीसमोर ‘डोळे मिटून’: एक तास. बेरीज साडेसात. कुठल्याही डॉक्टरनं याहून जास्त मागितली नसती. वयानं झोप सावध होते, तुकड्यांत येते. गरज फारशी घटत नाही. नाना तेवढे तुकडे मोजत नाहीत.

एका बाबतीत मात्र विज्ञान त्यांच्या बाजूनं उभं राहिलं आणि आमची पंचाईत झाली. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. बायका-मुलांचं बोलणं निसटतं, स, श, फ पुसट होतात. त्या दिवसापासून काकूंचं न ऐकण्याला नानांकडे वैद्यकीय मंजुरी आहे. ‘चहात साखर नको’ मधला स त्यांना येत नाही. ‘शिरा केलाय’ मधला श मात्र दोन खोल्या पलीकडून येतो.

आता खरी गोम. नानांची कागदावरची जन्मतारीख १ जून १९५०. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वर्गातल्या निम्म्या पोरांना १ जूनच दिला होता. आई सांगायची, गांधीजी गेले त्या साली झालास. म्हणजे ४८. या घोटाळ्यामुळे नाना दोन वर्षं जास्त नोकरी करून ३१ मे २००८ला, एका मांडवात सतरा जणांबरोबर निवृत्त झाले. तेव्हा मास्तर देवमाणूस होते. पण २०२२च्या ऑगस्टात एसटीनं पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट केला, आणि मास्तर एका रात्रीत नालायक ठरले. पावणेतीन वर्षं नाना अर्ध्या तिकिटात कुढत बसले. त्यातच बायकांनाही अर्धं तिकीट झालं. तेव्हा काकूंना बाई म्हणून अर्धं आणि ज्येष्ठ म्हणून अर्धं, मग दोन अर्धी मिळून फुकट का नाही, यावर त्यांनी स्टँडवरच्या तीन वाहतूक नियंत्रकांना निरुत्तर केलं.

शेवटी २०२५चा जून उजाडला. मीही त्याच कोल्हापूर गाडीत होतो; कराडला निघालो होतो. काकू खिडकीशी बसलेल्या. नाना खाली पेपरमिंट घ्यायला उतरले आणि गाडी फलाटावरून मागं यायला लागली. मग मी जे पाहिलं ते काकूंनीही लग्नानंतर पाहिलं नसावं. नाना पळत आले. हातात पिशवी, धोतराचा सोगा वर, एका झेपेत पायऱ्या चढून आत.

कंडक्टर पोरगा पंचविशीतला. त्यानं मशीनची बटणं दाबली. ‘काका, अर्धं ना?’

‘फुकट. पंचाहत्तर पूर्ण.’

‘आत्ता तर पळत आलात!’

‘न्यूट्रलवर आलो. उतार होता.’

‘पंचाहत्तरचे वाटत नाही हो.’

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. खांदे मात्र हलत होते. पस्तीस वर्षांची मेहनत एका पोरानं मातीत घातली होती. नानांनी आधार कार्ड काढलं, दिवाळीच्या फटाक्यासारखं हात लांब करून धरलं आणि शून्य रुपयांचं तिकीट घेतलं. कराडपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

दोन दिवसांनी व्हरांड्यात गेलो, तर नाना आत होते आणि लॉगबुक खुर्चीवर उघडं होतं. तिकीट चिकटवलेलं. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात: ‘सातारा–कोल्हापूर–सातारा. प्रवासी: स्वतः व सौ. बिघाड: निरंक.’