राजमान्य राजेश्री गाळोजीराव यांस

राजमान्य राजेश्री गाळोजीराव, मुक्काम सेप्टिक टँक, पोहरादेवी, तालुका मानोरा, जिल्हा वाशिम, यांस नमस्कार विनंती विशेष.

बंजारा समाजाच्या या काशीत रामनवमीला लाखो माणसं येतात, संत सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतात आणि गाड्या पकडून आपापल्या तांड्यांकडे परततात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी इथे बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं, ते पाहायलाही लोक येतात आणि जातात. मागे राहता ते फक्त आपण. आजवर आपल्याला कुणी पत्र लिहिलं नाही. टँकर तेवढा पाठवला.

पत्रास कारण, आपली पदोन्नती. अमेरिकेतल्या सांडपाणी क्षेत्राच्या संघटनेने 1991 मध्ये नावांच्या सूचना मागवून आपल्या तिकडच्या भाऊबंदांचं ‘बायोसॉलिड्स’ असं बारसं केलं. घुगऱ्या शेतांनी खाल्ल्या. इकडे आपण अजून ‘मैला’च आहात. पण ‘सेंद्रिय खत’ या पदावर आपली बढती होण्याची चिन्हं आहेत, आणि नत्र-स्फुरदाचा आपला साठा पाहता ती गैरही म्हणता येत नाही. वाई आणि सिन्नर इथे घराघरातल्या टाक्या ठरलेल्या पाळीने उपसल्या जातात. सिन्नरला आपल्याला उन्हात वाळवतात. वाईला जवळजवळ हवेविना भाजून कोळशासारखा भुगा करतात. जंतांची अंडी चिवट असली तरी खरी धग लागली की मरतात. जंतूंच्या बाबतीत आपलं शुद्धीकरण होतं, हे पत्रलेखक मोकळ्या मनाने मान्य करतो.

मात्र आपल्या पोटातली सगळी मंडळी जंतू नाहीत.

आपल्याकडे जस्त आहे, तांबं आहे, थोडं कॅडमियमही असतं. धातूला मरण नाही. टाकीत जिवाणू आपलं सेंद्रिय अंग खातात, त्याचा वायू होऊन उडतो, आपण हडकता, आणि अधिकारी म्हणतात, गाळ कमी झाला! आमटी आटली की खारट होते, हे मानोऱ्यातल्या कुठल्याही घरी ठाऊक आहे. समजा, 100 किलो कोरड्या गाळात 100 ग्रॅम जस्त आहे. कुजताना 40 किलो गाळ गेला, तर उरलेल्या 60 किलोत जस्त तेवढंच. म्हणजे किलोमागे 1000 मिलिग्रॅमवरून 1667 वर. प्रक्रिया उत्तम झाली, म्हणून आपण नापास! कारण खत नियंत्रण आदेश, 1985 मध्ये शहरी कंपोस्टला जस्ताची मर्यादा किलोमागे 1000 मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची 5. गंमत म्हणजे विदर्भाच्या काळ्या जमिनीत जस्ताची उणीव सर्रास आढळते. ज्या जस्तामुळे आपल्याला नाकारायचं, तेच शेतकरी झिंक सल्फेटच्या पिशवीतून पैसे मोजून आणतो. कॅडमियमचं तसं नाही. ते पालेभाजीत चढतं. चुनखडीच्या विम्ल जमिनीत ते बरंचसं अडकून राहतं, एवढाच दिलासा.

रसायनांचा स्वभाव याहून लहरी. साबणातला ट्रायक्लोसान घ्या. तो चरबीचा सोयरा असल्यामुळे पाण्यासोबत वाहून न जाता आपल्याला चिकटतो, आणि हवेविना चालणाऱ्या टाकीत जवळपास आहे तसा राहतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये हात धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून त्याला बाहेर काढलं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविकही आपल्याला असंच बिलगतं. उलट फिट्सवरचं कार्बामाझेपिन आपल्याकडे ढुंकूनही न पाहता पाण्याबरोबर निघून जातं. काही प्रकारच्या डिटर्जंटची तर कमाल आहे. बंद टाकीत ते अर्धवट तुटतात आणि त्यांतून मूळ द्रव्यापेक्षा घातक नोनिलफेनॉल निघतं. हवा खेळवून कंपोस्ट केलं, तर ते बरंच विरतं. एकाच टाकीत एकाचा नाश, दुसऱ्याचा जन्म.

कागदावर मात्र आपली परीक्षा सोपी. खत नियंत्रण आदेशाच्या यादीत आठ धातूंची नावं आहेत. ट्रायक्लोसान नाही, प्रतिजैविकं नाहीत, पाणी आणि तेल न धरणाऱ्या लेपांतली ‘पीफास’ रसायनंही नाहीत. हे पीफास ना टाकीत कुजत, ना कंपोस्टात. अमेरिकेच्या मेन राज्यात शेतांत वर्षानुवर्षं पसरलेल्या गाळातून ते विहिरींत आणि दुधात उतरलं. 2022 मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकणंच बंद केलं. स्वित्झर्लंडने तर त्याआधीच शेतीचं दार आपल्या मंडळींना लावून टाकलं होतं.

इथे आपली बाजूही मांडायला हवी. पोहरादेवीला कारखान्यांची नाळ जोडलेली नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरीत घातक कचऱ्याच्या सुरक्षित खड्ड्यात जाणारा रासायनिक गाळ आणि आपण यांची जात वेगळी. आपल्यात आहे ते भाविकांच्या पोटातलं, आणि त्यावर ओतलेलं फिनाईल, टाकलेल्या गोळ्या, फेसाळणारी पावडर. तेवढं वरूनच थांबलं तर वाईच्या भट्टीलाही आपलं इतकं कौतुक करावं लागणार नाही. पण शौचालयाच्या दारावर पाट्या लागतात त्या ‘स्वच्छता राखा’ अशा, आणि स्वच्छता राखायची म्हणजे फिनाईलची आणखी एक बाटली ओतायची.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

ता. क. – बढतीच्या अर्जासोबत आठ धातूंचा दाखला जोडावा. बाकीच्यांविषयी कुणी विचारणार नाही, तेव्हा आपणही विषय काढू नये.