कोणत्याही डेकवर वाजणारी सीडी : नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

जर्मनीत हानोव्हरजवळच्या कारखान्यातून पहिल्या सीडी बाहेर पडल्या 17 ऑगस्ट 1982 रोजी. नऊच दिवसांनी, 26 ऑगस्टला, चंद्रपुरातून फुटून गडचिरोली जिल्हा झाला. दोघं एका वयाचे, पण म्हातारी ठरली फक्त सीडी. अजून कुणाच्या फडताळात डेक आहे, कुणाच्या जीपमध्ये आहे. तेव्हा शिकून घ्या.

साहित्य : 700 एमबीच्या कोऱ्या सीडी-आर, लॅपटॉपला जोडायचा रायटर, मार्कर पेन आणि मतं देणारे नातेवाईक. शेवटचं साहित्य न बोलावता जमतं.

1. दुकानदार ‘आरडब्ल्यू’ देईल, घेऊ नका. पुसून पुन्हा भरता येते हे खरं, पण तिच्यावरून उजेड कमी परततो आणि जुन्या डेकची लेन्स हात टेकते. साधी सीडी-आर मागा.

2. फर्माइशी घ्या. आजोबांना तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं हवीत. काकांना भीमगीतं हवीत. चंद्रपुरात 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तिथे ‘का’ हा प्रश्नच नाही. भाऊजींना कुमार सानू, सिरोंच्याच्या वहिनींना तेलुगू, भामरागडच्या दोस्ताला रेला गाणी, पोरांना नाचायला धुमाल. सगळ्यांना हो म्हणा.

3. आता नाही म्हणा. ऑडिओ सीडीत 80 मिनिटं मावतात. पाच-पाच मिनिटांची सोळा गाणी बसावीत, पण दोन गाण्यांमधली दोन-दोन सेकंदांची शांतताही मोजली जाते, म्हणून पंधराच. इथे भाऊजी म्हणतील, ‘‘एमपी3 टाका ना जी, दीडशे बसतात.’’ बसतात, पण जुना डेक ती वाचत नाही. पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटतं आणि बोल तुम्हाला लागतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘डेटा’ सोडून ‘ऑडिओ सीडी’ निवडा.

4. झाडीपट्टीच्या नाटकातलं एक तरी गाणं घ्या, नाहीतर वडशाचे पाहुणे जेवणार नाहीत. कॅसेट असेल तर टेपच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपला वायर जोडा आणि ऑडेसिटीत उतरवून घ्या. गाण्यात प्रॉम्प्टरचा आवाज आला तर कापू नका, तो कुणाचा हे गाव ओळखतं.

5. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणा. कॅसेटचं हळू भजन ऐकायला आजोबा बटण पूर्ण फिरवतात आणि पाठोपाठ धुमाल सुरू होतो. क्रम लावताना भजन पहिलं ठेवा, त्यावर कुणी हरकत घेत नाही. भांडणाची गाणी मधोमध ठेवा.

6. आता बर्न करा. वेग आठ किंवा सोळा पट पुरे. औष्णिक वीज केंद्र आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे या भरवशावर राहू नका, आधी लॅपटॉपची बॅटरी भरा. काम अर्ध्यात तुटलं तर ती सीडी धानाच्या बांधीत पाखरं हाकलायला टांगण्याच्या कामाची. शेवटी ‘फायनलाइज’वर खूण करा. ते राहिलं तर सीडी तुमच्या लॅपटॉपवर गाते आणि पाहुण्यांच्या डेकमध्ये मुकी होते.

7. नाव मार्करनं लिहा. कागदी स्टिकरनं चकतीचा तोल जातो, शिवाय उन्हात तो सुटून डेकमध्ये अडकतो. सगळे चमकदार बाजू जपतात, पण गाण्यांचा थर असतो नाव लिहायच्या बाजूला, पातळशा लेपाखाली. तिथे खोल ओरखडा पडला की गाणं गेलं. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 वर जातो, तेव्हा सीडी जीपच्या काचेपाशी ठेवू नका.

चाचणी स्वतःच्या डेकवर घेऊ नका. वस्तीतला सगळ्यात जुना, झाकण हातानं दाबून धरावं लागणारा डेक शोधा. तिथे पंधराही गाणी वाजली तर कुठेही वाजतील.

आणि दोन प्रती काढा. एक प्रत कुणीतरी ‘‘उद्या आणून देतो जी’’ म्हणत नेईलच, ती परत येत नाही. दुसरी आहे हे कुणाला सांगू नका.