मीटरभाऊ

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला निघालेला माणूस सहसा मंत्रालयात, टाटा हॉस्पिटलात नाहीतर पोराच्या फ्लॅटवर चाललेला असतो. मीटरभाऊ या तिन्हींत बसत नाही. तो लॅमिंग्टन रोड गाठतो, चोरबाजार पालथा घालतो आणि परतताना पोत्यात गुंडाळलेला जुना सीआरओ, म्हणजे विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, बर्थखाली सरकवतो. ‘चालू आहे, फक्त वायर नाही’ या विक्रेत्याच्या शब्दावर त्याने तो घेतलेला असतो. घरी वायर लावल्यावर कळते, की फक्त वायरच चालू आहे. गोंदियाकडच्या प्रतापगडाच्या पंचक्रोशीत असा गडी एखादाच निघतो आणि आळी त्याला एकच विचारते, ‘काहून जी भाऊ, हे भंगार कायले आनता?’ माझ्या मते त्याला भंगाराचे वेड नाहीच. जडलाय तो संशयाचा रोग. आणि ज्या गावात हा रोग कुणालाच नसतो, तिथला किलो नऊशे ग्रॅमचा असतो.

एकच मल्टिमीटर असलेला माणूस सुखी असतो. काटा २३० म्हणाला की २३०. दुसरा मीटर त्याच प्लगला लावला की तो २२७ सांगतो, तिसरा २३४. काट्याच्या मीटरची शेकडा दोन-तीनची चूक बनवणाऱ्याने आधीच कबूल केलेली असते, म्हणजे तिघेही आपापल्या परीने खरेच बोलतात. पण हे कळायला तिघे असावे लागतात. मीटरभाऊचा सगळा संसार या सात व्होल्टांतून उभा राहिला. कुणी म्हणेल, नवा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो, मग ही हमाली कशाला? कारण नव्याचे पोट बंद असते. आतली काळी चिप गेली, की तो कचरा. १९७२ साली आलेल्या टेक्ट्रॉनिक्स ४६५ या सीआरओच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मात्र अख्खे सर्किट छापलेले आहे. वाळलेला कॅपॅसिटर बदला, गंजलेला स्विच पुसा, पडद्यावर रेघ परत येते. अर्थात त्यातही कंपनीने स्वतःसाठी घडवलेल्या काही चिपा आहेतच. तशी एखादी गेली, तर अवयवदानासाठी आणखी एक मेलेला ४६५ आणावा लागतो. तो आणल्यावर लक्षात येते, की तो तेवढा मेलेला नाही. संख्या वाढते ती अशी.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हा मीटरने मीटरच मोजतो, बाकी काही नाही. पण मोजमापाचे शास्त्र तरी दुसरे काय करते? किराणा दुकानातले वजन वैधमापनवाल्याच्या वजनाशी ताडतात, ते आणखी वरच्याशी, असे करत साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. २० मे २०१९ पासून तर किलोग्रॅमसुद्धा पॅरिसजवळच्या धातूच्या दंडगोलावरून सुटून निसर्गाच्या स्थिरांकाला टांगलाय. मीटरभाऊची खोट एवढीच, की त्याची साखळी वर न जाता गोल फिरते. पहिला दुसऱ्याची हमी देतो, दुसरा तिसऱ्याची आणि तिसरा पहिल्याची. सोयरिकीत मामाने काकाची आणि काकाने मामाची तारीफ करावी तशी.

तरीही ही गोल साखळी कामाला येते, आणि नेमकी ऐन रात्री. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटके रंगतात, रात्रभर चालतात. नायिका रडायला लागावी आणि ॲम्प्लिफायरनेच आधी ‘हूंऽऽ’ धरावा, असे होते. अंदाजाने काम करणारा मेकॅनिक एकेक पार्ट बदलत बसतो. मीटरभाऊ सीआरओ लावतो. लाट दहा मिलिसेकंदांनी परत येत असेल, तर ती शंभर हर्ट्झची, म्हणजे संशय पॉवर सप्लायच्या फिल्टर कॅपॅसिटरवर. वीस मिलिसेकंदांनी येत असेल, तर ती पन्नासची, म्हणजे आधी अर्थिंग आणि माइकची वायर बघायची. इथे व्होल्टाच्या आकड्यात दोन-तीन टक्के इकडेतिकडे झाले, तरी निदान चुकत नाही. म्हणजे जुने यंत्र अचूक असण्यापेक्षा चालू असणे आणि वापरणाऱ्याला त्याची खोड ठाऊक असणे महत्त्वाचे.

प्रतापगडाला महादेव आहे आणि दर्गाही. माणसे दोन्हीकडे हात जोडतात आणि त्याला कुणी वेड म्हणत नाही. मीटरभाऊने एका व्होल्टासाठी तीन दारे ठोठावली, तर तेवढी सूट त्यालाही द्यावी. फक्त नवा मीटर काय म्हणतो, हे त्याला विचारू नये. तो २३१ म्हणतो, आणि विदर्भ एक्स्प्रेसचे पुढचे तिकीट निघते.