ॲव्हरेज विचारू नये

लालबागच्या पोराने नवी गाडी पाहिली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘ॲव्हरेज किती देते?’ मग समोर स्प्लेंडर असो की मर्सिडीजची एस-क्लास. स्प्लेंडरवाला आकडा सांगतो, वर पाच-दहाने फुगवूनही सांगतो. एस-क्लासचा मालक मागच्या सीटवर फोनवर असतो आणि काच वर असते.

आकडा कागदोपत्री असतोच. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआयच्या, म्हणजे थेट पुण्याच्या पद्धतीने काढलेला. त्यात गाडी रस्त्यावर नव्हे, रोलरवर पळते. वीस मिनिटांत जेमतेम अकरा किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३२, एसी बंद. संध्याकाळी सहा वाजता परळ नाक्यावर एसी बंद ठेवून ताशी ३२ने निघालेली दोन टनांची सेडान कुणाला दिसली, तर त्याने पुण्याला जरूर कळवावे. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये एल्फिन्स्टनचा पूल पाडकामासाठी बंद झाला. परळहून प्रभादेवीला जायला एक तर दादरचा टिळक पूल नाही तर दुसरीकडून वळसा. पुलावर चढेपर्यंत तीन लिटरचे इंजिन साहेबांना गारवा पुरवत जागच्या जागी पेट्रोल पिते. अशा कोंडीत लिटरला सहा किलोमीटर मिळाले तरी खूप झाले.

पण खरे सांगू? पेट्रोलचे रडगाणे इथे गैरलागू आहे. टाकी ७६ लिटरची. लिटरला १०३ रुपये धरा, फुल टाकी आठ हजारांच्या आत. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला सहा, म्हणजे सतराएक हजार. आता दुसरा हिशेब. पावणेदोन कोटींच्या वर गेलेली गाडी वर्षाला नुसती दहा टक्के उतरली असे समजा. दिवसाला पाच हजारांच्या आसपास गेले, तेही गाडी टॉवरच्या बेसमेंटमध्ये कव्हर घालून झोपलेली असताना! विमा, टायर आणि ड्रायव्हरचा पगार अजून धरलेलाच नाही.

म्हणून तर ही गाडी सहसा साहेबांची नसते, कंपनीची असते. महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर रोड टॅक्स २० टक्क्यांपर्यंत जातो. तरी कंपनीच्याच नावावर घेतात, कारण घसारा, विमा, पेट्रोल सगळे खर्चात टाकता येते. ड्रायव्हर पंपावरची पावती चार घड्या करून शर्टाच्या खिशात जपतो ती उगाच नाही. सरकारही कनवाळू आहे. मोठ्या सेडानवर जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के पडायचे, ते २२ सप्टेंबर २०२५पासून ४० झाले. गरिबाला कुठेतरी दिलासा हवाच.

तेव्हा पोरांनो, ॲव्हरेज सोडा, लांबी-रुंदी विचारा. सव्वापाच मीटरच्या वर लांब, दोन मीटरला थोडी कमी रुंद. बीडीडी चाळीतली खोली होती १६० चौरस फुटांची, त्यात अख्खे कुटुंब. ही गाडी एकट्या साहेबांसाठी ११० अडवते, आणि लोअर परळच्या गल्लीत इंजिन चालू ठेवून तासभर उभी राहण्याचे भाडे शून्य.