पोळी सोडलेले काका

सोसायटीतली लिफ्ट बंद पडली की कळतं, कुणी नुकतीच पोळी सोडली आहे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठडा धरून काका उभे असतात. "दमलो नाही हो, जरा वारा खातोय." वारा त्यांना चालतो, त्यात कार्ब नाहीत.

रक्तातल्या साखरेची तपासणी, एचबीए१सी, ८.४ आल्याच्या संध्याकाळी भात, पोळी, बटाटा, साबुदाणा सगळं बंद झालं. त्याच झटक्यात मीठही सुटलं (तपश्चर्या अर्धवट कशाला?). तुपावर तर आधीपासूनच संशय. उरली काकडी. काकडीवर माणूस जगत असेल, जिना चढत नाही.

पहिल्या आठवड्यात वजन दोन किलो उतरतं आणि तोंड सुटतं. उतरलं ते बहुतेक पाणी, हे काकांना सांगू नये, मैत्री तुटते. पण खरं तेच आहे. शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेन करून ठेवतं, तेही ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून. साठा सरला की पाणी चाललं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही बाहेर टाकतात. मग डोकं ठणकतं, पोटरीत गोळे येतात, उठताना अंधारी येते. काका दोष देतात हवेला, नव्या गादीला आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याला.

लग्नाच्या पंगतीत तर बघावं. जिलबीकडे पाठ करून काका शेजाऱ्याच्या मसालेभातावर प्रवचन देतात आणि ऐन मुद्द्यावर जांभई येते. काकू मठ्ठ्याची वाटी पुढे सरकवतात. "साखर नाही ना?" "नाही. मीठ आहे, प्या." दोन वाट्यांनी चेहऱ्यावर रंग येतो. श्रेय प्राणायामाला.

एके दिवशी मात्र घाम फुटला, हात थरथरले. साखरेच्या मीटरवर ६२. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी अजून जुन्या चार पोळ्यांच्या हिशेबानेच चालू होती! आकडा ७० च्या खाली गेला की तो साधा थकवा नव्हे. तिथे साखरच घ्यावी लागते. काकूंनी साखरपाणी दिलं. काकांनी ते तीर्थ म्हणून घेतलं, व्रत मोडायला नको.

तुमच्या घरी असे काका असतील तर पानातला भात काढण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, इन्सुलिन चालू असेल तर नक्कीच. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मिठाचंही त्यांनाच विचारा. आणि काकडीसोबत अंडं, पनीर, मूठभर शेंगदाणे वाढा. उपाशी माणूस दमणारच.