जिथला नाग तिथं

आमच्या शिराळ्यात एके काळी नाग सापडणं अवघड नव्हतं. आता त्याच नागाला पडद्यावर बघायचं तर व्हीसीआर सापडत नाही. माळ्यावरच्या ट्रंकेत, आजीच्या इरकली लुगड्याखाली ती व्हीएचएस कॅसेट निघाली. वर तात्यांच्या तिरक्या अक्षरात ‘नागपंचमी, घरची’. तीन तासांच्या कॅसेटमध्ये पाव किलोमीटरच्या आसपास फीत वेटोळं घालून बसलेली असते म्हणे. शिराळ्याच्या पावसानं तिच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. पूर्वी पंचमीआधी रानातून धरलेला नाग मडक्यात ठेवून वर फडकं बांधत. तशीच तिला फडक्यात गुंडाळून मी एसटीनं पुण्याला नेली. शेजारचा प्रवासी उगाचच जरा सरकून बसला.

पुणं निवडलं ते एका भाबड्या श्रद्धेनं. १९६४ साली इथं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि पी. के. नायर यांनी डबे हुडकत आयुष्य घालवलं. जुनी नायट्रेट फिल्म नुसती पिवळी पडून गप्प बसत नाही, पेट घेते. चांदीपायी कित्येक फिल्मा धुतल्या गेल्या. फाळक्यांचे बहुतेक चित्रपट असेच गेले. पण १९१९चा ‘कालिया मर्दन’ वाचला. फाळक्यांची चिमुकली मंदाकिनी कृष्ण होऊन अजून त्यात नाचते. डोहातून हाकललेला कालिया काळाच्या डोहात मात्र तरला, याचा आम्हा शिराळकरांना उगीचच अभिमान.

पुण्यात जुन्या कॅसेट उतरवून देणाऱ्या एका दुकानात गेलो. फीत पुसता पुसता तिथला पोरगा म्हणाला, “काका, तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात.” मला ते फार आवडलं. गेलेल्या दिवसांकडे जायला अजून तरी आडवाट निघालेली नाही.

पडद्यावर आधी मुंग्या, मग रेघा, मग आमचं अंगण. फणा काढलेल्या नागापुढं आजी वाकलेली. “दमलास का रं बाबा? लाह्या घे.” नागाला लाह्या चालत नाहीत, आणि ऐकायला त्याला बाहेरचे कानही नसतात. आजीचा आवाज उरलाय तो एवढाच, आणि तोही सगळा त्याच्याशी बोललेला. ज्यांना कान होते त्यांच्यातला एकजण मागून खेकसतो, “आजी, गप की! शूटिंग चाललंय!” तो पोरगेला आवाज माझाच.

पुढं न्यायालयानं जिवंत नाग धरायला मनाई केली. नागांच्या दृष्टीनं बरंच झालं. आजी आता पेन ड्राइव्हमध्ये आहे. काही वर्षांनी तिथूनही तिला हलवावं लागेल. आवाजालाही कात टाकतच जगावं लागतं. कॅसेट मात्र फेकली नाही. पुन्हा माळ्यावर चढलो, ट्रंक उघडली, लुगड्याची घडी उचलून ती खाली ठेवली. पूजा झाली की नाग जिथून धरला तिथंच सोडायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. झाकण लावताना, का कोण जाणे, मी हळूच विचारलं, “दमलीस का गं?”