हिशेब चुकता करणाऱ्या बायका

मित्सुफुजी ही तशी रीतसर कंपनी आहे. तिथे विक्री विभाग आहे, विकास विभाग आहे, उत्पादन विभाग आहे, फायली आहेत, जेवणाची सुट्टी आहे. फक्त तिथल्या कारकून बायकांमध्ये श्रेष्ठ कोण हे गोपनीय अहवालावर ठरत नाही, गुद्द्यांवर ठरतं. प्रत्येक विभागाची एक म्होरकी आहे आणि तिला साजेशी पदवीही आहे: विक्रीची 'पिसाळलेली' शिओरी, विकासची 'सैतान' शुरी, उत्पादनाची 'महाराक्षस' एत्सुको. तिघींना अनुचरांची फौज आहे. पदोन्नतीची इतकी पारदर्शक पद्धत फार थोड्या कार्यालयांत सापडेल.

ही कंपनी अर्थातच खोटी. 'जिगोकु नो हानाझोनो' म्हणजे 'नरकातली फुलबाग' या विनोदी मारधाडपटातली. २१ मे २०२१ रोजी तो जपानमध्ये प्रदर्शित झाला.

यातली गंमत कळायला जपानी 'यांकी' माहीत हवेत. हे म्हणजे अमेरिकी माणसं नव्हेत. केस रंगवून, मास्तरांना फाट्यावर मारून हिंडणारी शाळकरी वांड पोरं म्हणजे यांकी. त्यांच्या मारामाऱ्यांवर जपानी चित्रकथांचा एक अख्खा संप्रदाय उभा आहे. 'बी-बॉप हायस्कूल' १९८३ साली सुरू झाली, 'क्रोज' १९९० साली. तिच्यावरून ताकाशी मिइके यांनी २००७ मध्ये 'क्रोज झीरो' काढला. या कथांचे नियम सत्यनारायणाच्या पोथीइतके पक्के. शाळेत नवा मुलगा येतो. तो वर्गातल्या दादाला लोळवतो, मग शाळेतल्या. मग शेजारच्या शाळेला सुगावा लागतो. त्याच्या मऊ स्वभावाच्या मित्राला पळवून नेतात. नायक हरतो, डोंगरात जाऊन तालीम करतो आणि परत येतो.

पटकथाकार बाकारिझुम यांनी ही पोथी उचलली आणि शाळेच्या जागी ऑफिस बसवलं, बस्स. नव्या विद्यार्थ्याच्या जागी नवी कर्मचारी आली: होजो रान. ही भूमिका आलिस हिरोसे यांची. ती तिन्ही म्होरक्यांना आडवं करते. मग शेजारच्या शाळेऐवजी तोमसन ही बलाढ्य कंपनी दखल घेते. आणि मऊ स्वभावाची मैत्रीण? ती तानाका नाओको, मेई नागानो यांनी साकारलेली. तिला गप्पा हव्यात, खरेदी हवी आणि निवृत्तीपर्यंत शांतता हवी. पण तिने या चित्रकथा वाचलेल्या आहेत. त्यामुळे आपण नायिका नसून नायिकेची मैत्रीण आहोत आणि लवकरच आपलं अपहरण होणार, हे तिला आधीच कळतं. ते होतंही, अगदी वेळापत्रकानुसार. त्यानंतर नियम जो काही मोडतो, तो इथे सांगणं म्हणजे प्रेक्षकाचा खिसा कापणं.

बाकारिझुम हे विनोदवीर, आणि कारकून बायकांच्या जगात त्यांचा मुक्काम जुना. २००६ पासून ते इंटरनेटवर बँकेतल्या एका तरुणीची रोजनिशी लिहीत होते, ती तरुणी आपणच आहोत अशा थाटात. तीत घडत काहीच नाही: लॉकर रूममधल्या कुरबुरी, वरिष्ठांची नक्कल, जेवायला कुठे जायचं याचा खल. २०१७ मध्ये तिची दूरचित्रवाणी मालिका झाली आणि त्या तरुणीच्या भूमिकेत स्वतः बाकारिझुमच अवतरले. मालिकेच्या लेखनाला मुकोदा कुनिको पुरस्कार मिळाला, जो तिकडे पटकथाकारांना मानाचा. 'नरकातल्या फुलबागे'ची खरी मजा याच तालमीतून आलेली आहे. रक्तबंबाळ बायकांच्या धमक्यांना लागूनच ऑफिसातल्या गुळगुळीत गप्पा येतात, आणि दोन्ही तितक्याच मन लावून लिहिलेल्या.

तोमसनच्या फळीत केनइची एंदो आहेत. हेच गृहस्थ 'क्रोज झीरो'त याकुझा टोळीचे प्रमुख होते. इथे साठीला टेकलेले एंदो कारकून बाईच्या गणवेशात, तोच खुनशी चेहरा घेऊन उभे राहतात. डोळा मारणं नाही, की बाईचा आवाज काढणं नाही. या चित्रपटातला सर्वांत शिस्तशीर विनोद हाच असावा.

जपानी कार्यालयातल्या बाईला गुद्दा उगारावासा वाटावा अशी कारणंही नव्हती असं नाही. चहा करणं, तो साहेबांपुढे नेऊन ठेवणं, झेरॉक्स काढणं हे तिचं ठरलेलं काम, आणि गणवेश अनेक ठिकाणी फक्त तिलाच. नोकरीत समान संधी देणारा कायदा १९८५ मध्ये झाला, पुढच्या वर्षी लागू झाला. चहाचा ट्रे मात्र बरीच वर्षं तिच्याच हातात राहिला. २०१९ मध्ये युमी इशिकावा यांनी कामावर उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध मोहीम काढली, अठरा हजारांहून अधिक सह्या सरकारला दिल्या. तेव्हाचे श्रममंत्री ताकुमी नेमोतो यांनी संसदेत जे उत्तर दिलं त्याचा आशय असा, की कामाला आवश्यक आणि समाजाला मान्य असेल तर टाचा योग्यच. मंत्रिमहोदयांनी स्वतः त्या घालून पाहिल्याची नोंद नाही. चित्रपट या सगळ्यावर भाषण ठोकत नाही, हे त्याचं शहाणपण.

दिग्दर्शक काझुआकी सेकी संगीत-चित्रफितींतून आलेले. 'ओके गो' या अमेरिकी बँडची २०१४ची, छत्र्यांची आणि ड्रोनमधून टिपलेली ती प्रसिद्ध चित्रफीत त्यांनी बँडच्या गायकासह दिग्दर्शित केली होती. त्यामुळे घोळक्याच्या मारामाऱ्या ते कवायतीसारख्या नेटक्या रचतात. उत्तरार्धात मात्र ही कवायत जरा लांबते. विनोद दमतो, मुठी दमत नाहीत.

तरीही पाहावा, मूळ जपानी आवाजात, खाली भाषांतराच्या ओळी लावून. शेवटच्या मोठ्या हाणामारीत चहा टाकायला उठलात तरी फार बिघडणार नाही. नाओको मैत्रिणींशी गप्पा मारत असेल तेव्हा मात्र जागचे हलू नका.